रात्री पावणेअकराचा मेसेज: पुण्यातील टीम लीड आणि प्रोजेक्ट मॅनेजर यांना खुले पत्र

स.न.वि.वि.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, बाणेर आणि तळवडे येथील कंपन्यांमध्ये दहा-बारा किंवा वीस-पंचवीस माणसांची टीम सांभाळणाऱ्या आपणा सर्वांना हे पत्र लिहीत आहे. मी याच आयटी क्षेत्रात सतरा वर्षे आहे आणि त्यांपैकी आठ वर्षे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून काम करीत आहे. हे पत्र मालकांना, एचआर विभागाला किंवा सरकारला न लिहिता मुद्दाम आपल्याला लिहिले आहे, कारण आपल्या हाताखालच्या मुलामुलींची संध्याकाळ कशी जाणार, त्यांना रात्री झोप लागणार की नाही आणि दुसऱ्या दिवशी ती डोके शांत ठेवून काम करू शकणार की नाही, हे कंपनीच्या धोरणाच्या कागदापेक्षा आपण कोणत्या वेळी काय पाठवतो यावर फार अधिक अवलंबून असते. हे मला उशिरा कळले आणि एका प्रसंगातून कळले, म्हणून तो प्रसंग आधी सांगते.

काही वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर महिना होता. आमची अकरा जणांची टीम अमेरिकेतील एका क्लायंटची विमा दाव्यांची यंत्रणा सांभाळत होती. क्लायंटच्या सकाळी दहाच्या बैठकीला आम्ही रोज संध्याकाळी साडेसातला बसत असू. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास मागे गेली, त्यांची बैठक दहालाच राहिली आणि आमची साडेआठला सरकली. भारतात घड्याळ वर्षभर बदलत नसल्याने त्यांच्या प्रत्येक बदलाचा भार आपल्या जेवणाच्या वेळेवर येतो, हे आपण सर्व जाणता. सकाळी साडेनऊचा आमचा स्टँडअप, म्हणजे दिवसाच्या कामाची छोटी बैठक, मात्र मी होता तिथेच ठेवला. तो हलवावा असे मला सुचलेही नाही.

त्या टीममध्ये लातूरकडचा एक चोवीस वर्षांचा मुलगा होता. हुशार, मितभाषी, सांगितलेले काम मान खाली घालून करणारा. त्या आठवड्यात सलग चार रात्री तो क्लायंटच्या बैठकीनंतरही काम करीत बसला होता. गुरुवारी रात्री पावणेअकराला मी त्याला मेसेज केला, ‘उद्या बघितलेस तरी चालेल, पण त्या डुप्लिकेट नोंदींचे जरा पाहून ठेव.’ मी फोन बाजूला ठेवला आणि झोपले. त्याने लॅपटॉप उघडला. चाचणीच्या डेटाबेसवर चालवायची क्वेरी (डेटाबेसला दिलेली आज्ञा) त्याने प्रॉडक्शनवर, म्हणजे क्लायंटच्या प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर, चालवली. दोन्हींच्या खिडक्या त्याच्या स्क्रीनवर शेजारी-शेजारी उघड्या होत्या आणि दिसायला अगदी सारख्या होत्या. साडेअकराला फोन सुरू झाले. बॅकअपवरून सगळा डेटा पूर्ववत होईपर्यंत पहाटेचे चार वाजले आणि तोवर आम्ही अकराही जण जागे होतो.

दोन दिवसांनी रीतीप्रमाणे आरसीए, म्हणजे बिघाडाच्या मूळ कारणाचे विश्लेषण, झाले. त्या तक्त्यातील ‘मूळ कारण’ या रकान्यात मी स्वतः ‘मानवी चूक’ असे लिहिले. उपाययोजनांमध्ये प्रॉडक्शनचे लेखन-अधिकार काढून घेणे, खिडकीचा रंग वेगळा करणे अशा आवश्यक गोष्टी आल्या, आणि इतक्या कनिष्ठ मुलाकडे ते अधिकार मुळात असायलाच नको होते, हेही त्यात आले. माझ्या मेसेजची वेळ त्या तक्त्यात कुठेच नव्हती. कोणी विचारलीही नाही. त्या मुलाने बैठकीत दोनदा माफी मागितली आणि मी ती ऐकून घेतली. तो रकाना मी कसा भरला, हे मला आजही आठवते आणि आजही बोचते.

आपण म्हणाल की ‘उद्या बघितलेस तरी चालेल’ असे मी स्पष्ट लिहिले होते. माझ्याही मनात हेच चालले होते. पण ज्याचे अप्रेझल (कामगिरीचे मूल्यमापन) आपल्या हातात आहे, त्याच्यासाठी त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग शिष्टाचाराचा असतो आणि दुसरा अर्धा भाग कामाचा असतो. चोवीस वर्षांच्या, घरापासून दूर, वाकडमध्ये तिघांबरोबर फ्लॅट भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलाला मॅनेजरचा मेसेज आल्यावर ‘उद्या’ या शब्दावर विश्वास ठेवण्याची हिंमत कुठून यावी?

यावर अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे विल्यम बेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडलेल्या संशोधनाचा निष्कर्ष असा होता, की कामाच्या वेळेनंतर ईमेलवर लक्ष ठेवावे लागेल ही नुसती अपेक्षाच कर्मचाऱ्याच्या आणि त्याच्या जोडीदाराच्या स्वास्थ्यावर ताण आणते. प्रत्यक्षात किती वेळ काम करावे लागले, हा प्रश्न नंतरचा. माझ्या अनुभवाशी हे तंतोतंत जुळते. माणूस दोन तास जादा काम करून दमतो आणि झोपला की बरा होतो. पण काम येईल की नाही हेच माहीत नसेल, तर तो विश्रांती घेत असतानाही विश्रांती घेत नाही. गौरीच्या आरतीला एका कानात इअरफोन घालून उभी राहिलेली माझी सहकारी, ओट्यावर कुकरच्या शेजारी फोन उभा करून भाजी चिरणारी मी, भूमकर चौकातल्या वाहतूक कोंडीत कंपनीच्या बसमध्ये मांडीवर लॅपटॉप उघडून हॉटस्पॉट शोधणारी मुले, यांतले बहुतेक जण त्या क्षणी काम करीत नसतात. ते फक्त कामाची वाट पाहत असतात, आणि या वाट पाहण्याची नोंद कोणत्याही टाइमशीटमध्ये होत नाही.

दिवसाच्या वेळीही हेच छोट्या प्रमाणात घडते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्राध्यापिका ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयांमध्ये बसून माणसांचे काम वर्षानुवर्षे टिपले आहे. एकदा व्यत्यय आला की मूळ कामाकडे परतायला सरासरी सुमारे २३ मिनिटे लागतात, हे त्यांचे निरीक्षण आपल्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. मला त्यांचा २००८ चा एक प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो. त्यात व्यत्यय आलेल्या लोकांनी आपले काम उलट लवकर संपवले, मात्र त्यांच्यावरचा ताण, चिडचिड आणि घाई वाढलेली आढळली. दर दहा मिनिटांनी ‘स्टेटस काय?’ असे विचारणाऱ्या लीडला आपली पद्धत यशस्वी का वाटते, त्याचे उत्तर इथे आहे. तिकीट (नोंदवलेले काम) बंद झालेले त्याला दिसते, पण ते बंद करणाऱ्याने आतून किती किंमत मोजली हे त्याला दिसत नाही. ती किंमत सहा-आठ महिन्यांनी राजीनाम्याच्या मेलमध्ये ‘वैयक्तिक कारणास्तव’ या दोन शब्दांत येते.

आपल्याकडे या प्रश्नावर सहसा कोणते उपाय होतात, तेही आपण जाणतो. वर्षातून एक मानसिक स्वास्थ्य सप्ताह होतो, कॅफेटेरियात योगाचे सत्र होते, ध्यानाच्या ॲपचे फुकट सदस्यत्व मिळते. यांना माझा विरोध नाही. योगासनांनी मला स्वतःला फायदा झाला आहे. पण या सर्वांत गृहीत धरलेले असते, की ताण ही त्या माणसाच्या मनाची गोष्ट आहे आणि ती त्यानेच सांभाळायची आहे. दुपारी चारला श्वसनाचे व्यायाम शिकवायचे आणि रात्री पावणेअकराला मेसेज पाठवायचा, हे एका हाताने पाणी घालून दुसऱ्या हाताने रोप उपटण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटचा समावेश आजारांच्या वर्गीकरणात केला, तो आजार म्हणून न करता कामाशी संबंधित स्थिती म्हणून केला आणि त्याची व्याख्याच मुळी ‘कामाच्या ठिकाणच्या, नीट हाताळला न गेलेल्या दीर्घकालीन ताणातून येणारी अवस्था’ अशी केली. तो ताण हाताळणे हे आपल्या पदाचे काम आहे.

त्या नोव्हेंबरनंतर आम्ही काय केले, ते सविस्तर लिहिते, कारण त्यातले जवळजवळ काहीही करायला मला वरिष्ठांची परवानगी लागली नाही.

पहिला बदल फोनचा. दर आठवड्याला एकच माणूस ऑन-कॉल, म्हणजे तातडीच्या कामासाठी उपलब्ध, राहील आणि त्याच्याकडे टीमचा एक वेगळा फोन राहील, असे ठरवले. खरोखर काही पेटले असेल तर त्या फोनवर कॉल करायचा. मेसेज किंवा मेल करायचा नाही. याचाच दुसरा अर्थ असा, की जे कॉलने आले नाही ते सकाळपर्यंत थांबू शकते आणि ऑन-कॉल नसलेल्या दहा जणांनी संध्याकाळी फोन उलटा ठेवला तरी त्यांचे काही चुकणार नाही. मला भीती होती की तो फोन सारखा वाजेल. पहिल्या महिन्यात तो दोनदा वाजला. त्याआधी आमच्या ग्रुपवर रोज रात्री जे वीस-पंचवीस मेसेज येत होते, त्यांतले किती तातडीचे होते, हे मला त्या शांत फोनने सांगितले. ज्याचा ऑन-कॉलचा आठवडा असेल त्याला पुढच्या आठवड्यात एक दिवस सुट्टी देऊ लागलो आणि ती सुट्टी त्याच्या रजेतून कापायची नाही, हे मी टीमला लिहून दिले.

दुसरा बदल माझा स्वतःचा होता आणि तो सर्वांत अवघड गेला. मला रात्री कामे सुचतात. मुलगी झोपल्यावर डोके मोकळे होते आणि उद्याच्या गोष्टी आठवू लागतात. त्या तेव्हाच लिहून काढाव्यात हे योग्यच आहे, पण त्या तेव्हाच दुसऱ्याच्या हाती पडाव्यात असे काही नाही. आउटलुकच्या मेलमध्ये आणि ‘टीम्स’ या ऑफिसच्या चॅट ॲपमध्ये मेसेज नंतरच्या वेळेला पाठवण्याची सोय आहे. मी सकाळी साडेदहाची वेळ लावू लागले. सुरुवातीला आठवड्यातून तीन-चार वेळा तरी हात चुकून ‘पाठवा’वर जाई. चुकला की मी दुसऱ्या दिवशी स्टँडअपमध्ये सर्वांसमोर सांगत असे, की काल रात्रीचा मेसेज माझी चूक होती आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांनी बरोबर केले. हे उघडपणे सांगणे फार उपयोगी पडले. नियम काय आहे यापेक्षा तो मोडला की काय होते, याकडे मुलांचे लक्ष असते.

सकाळी साडेदहा ते दुपारी एक या वेळेत बैठक ठेवायची नाही आणि कोणाला स्टेटस विचारायचे नाही, हेही ठरवले. याला एकच अपवाद ठेवला: उशिराची बैठक असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी स्टँडअप अकराला ढकलला. आणि क्लायंटला सरळ मेल लिहिला, की आमच्याकडे संध्याकाळचे साडेआठ वाजलेले असतात, आठवड्यातील पाच बैठकांपैकी तीन लेखी आढाव्याने होऊ शकतील का? या मेलचा मसुदा मी पंधरा दिवस पाठवू शकले नव्हते. पलीकडच्या बाईंचे उत्तर दोन ओळींचे होते. त्यांनी लिहिले होते, की तुमच्याकडे इतकी रात्र झालेली असते हे त्यांच्या लक्षातच आले नव्हते, आणि लेखी आढावा त्यांनाही सोयीचा आहे. प्रत्येक क्लायंट असे म्हणेल असा माझा दावा नाही. पण आपण न विचारताच नकार गृहीत धरून किती रात्री घालवतो, हे मला त्या दिवशी कळले.

सर्वच सुरळीत झाले असे मात्र नाही. टीममधील एका आईला दुपारी तीन ते सहा मुलासाठी लागत आणि ती रात्री नऊनंतर आपखुशीने काम करी. सगळ्यांनी सातला लॅपटॉप बंद करा असा सरसकट नियम केला असता तर तिचेच नुकसान झाले असते. म्हणून आम्ही ठरवले, की कोणी कधी काम करावे हे त्याने ठरवावे, पण कोणाच्या कामाची झळ दुसऱ्याच्या मोकळ्या वेळेला लागू नये. दुसरी अडचण होती हिरव्या ठिपक्याची. टीम्समध्ये माणसाने पाच मिनिटे माऊस किंवा कीबोर्ड हलवला नाही की त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो, हे सगळ्यांना माहीत असते. आमच्यातला एक अत्यंत चांगला डेव्हलपर वहीवर आकृत्या काढून विचार करीत असे आणि विचार करताना मधूनमधून माऊस हलवीत असे. तो माऊस कोणासाठी हलवतो, हे मी त्याला विचारले तेव्हा तो ओशाळला, आणि खरे म्हणजे ओशाळायला मी हवे होते. ठिपक्यावरून मी कोणाला कधीही जाब विचारणार नाही, असे मी त्याला सांगितले. तरी त्याची ती सवय जायला वर्ष लागले.

आता आपल्या काही रास्त शंकांकडे वळते. ‘आम्हीही असेच राबलो, आम्हाला काय झाले?’ असे आपल्यापैकी अनेक जण म्हणतात. मी नोकरीला लागले तेव्हा डेस्कटॉप ऑफिसातच राहत असे. आठ वाजता बस सुटली की कामही तिथेच सुटे. वाकडचा पूल ओलांडला की आपण घरचे झालो, असे वाटायचे. रात्र जागवावी लागे तेव्हा सर्व टीम एकत्र जागायची, कोणीतरी वडापाव आणायचे आणि दुसऱ्या दिवशी कोणी लवकर येत नसे. २०२० नंतर, घरून काम सुरू झाल्यावर, तो पूल उरला नाही. आजच्या मुलांचे ऑफिस त्यांच्या पलंगावर आहे आणि ती त्यात एकटी आहेत. तास कदाचित तेवढेच असतील, पण सुटका नाही.

‘क्लायंट पैसे देतो, स्पर्धा आहे’ ही शंका अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे दाखवून दिले, की आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. कोणताही क्लायंट करारात हे मागत नाही. तो मागतो ते वेळेवर आणि अचूक काम, आणि पहाटे चारपर्यंत बॅकअप परत भरणाऱ्या टीमकडून ते मिळत नाही.

कायद्याची वाट पाहावी असेही काहींना वाटेल. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपन्यांना कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या अधिकाराबाबत कर्मचाऱ्यांशी वाटाघाटी कराव्या लागतात. ऑस्ट्रेलियात २६ ऑगस्ट २०२४ पासून असा अधिकार लागू झाला. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत याच विषयावर खासगी विधेयक (मंत्री नसलेल्या खासदाराचे विधेयक) मांडले. योगायोग असा, की हिंजवडी ज्या मुळशी तालुक्यात आहे तो त्यांच्याच बारामती मतदारसंघात येतो. पण खासगी विधेयकाचा कायदा होण्याची आपल्या संसदेतील शेवटची घटना १९७० ची आहे. दुसरीकडे २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांमधील दैनंदिन कामाची मर्यादा ९ वरून १० तास करण्याच्या दुरुस्तीला मंजुरी दिली. कायद्याचा रोख सध्या कोणत्या दिशेला आहे, हे आपणच पाहा. आपल्या टीमसाठी आपल्याला मात्र संसदेच्या अधिवेशनाची गरज नाही.

एक गोष्ट थोडक्यात पण आग्रहाने लिहिते. थकवा आणि आजार यांत फरक असतो आणि आपण डॉक्टर नाही. नेहमी बोलणारे कोणी आठवडेच्या आठवडे गप्प झाले, साध्या कामात चुका होऊ लागल्या, रात्री तीनला कोड चेक-इन (जमा) होऊ लागला, तर कॅमेरा बंद ठेवून, एकट्याशी, कामाचा विषय न काढता बोला. केंद्र सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क उपलब्ध आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक टीमच्या पानावर कायमचा लिहून ठेवा. आणि कोणी मदत मागितली, तर ती गोष्ट अप्रेझलच्या चर्चेत, बेल कर्व्हच्या (कर्मचाऱ्यांची क्रमवारी लावण्याच्या पद्धतीच्या) कोणत्याही टोकाला, कधीही येऊ देऊ नका.

लातूरकडचा तो मुलगा दीड वर्षानंतर नोकरी सोडून गेला. तो जाताना मी त्याच्याशी त्या आरसीएच्या तक्त्याबद्दल बोलले आणि त्या रकान्यात माझ्या मेसेजची वेळ यायला हवी होती, असे सांगितले. तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, ‘मॅडम, मला तेव्हा वाटलं होतं की तुम्ही जाग्या आहात म्हणजे मीही जागं असायला हवं.’

माझी आपल्याला विनंती अशी, की या आठवड्यात आपल्या पाठवलेल्या मेसेजेसची यादी उघडून रात्री आठनंतरचे गेल्या महिन्याचे मेसेज वाचून पाहा आणि त्यांतले कोणते सकाळी साडेदहाला गेले असते तरी चालले असते, ते स्वतःशीच ठरवा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे पुन्हा एक तास मागे जातील. त्यापूर्वी उशिराच्या बैठकीला कोण बसणार, त्याचा दुसरा दिवस कधी सुरू होणार आणि तातडीचा फोन कोणाकडे राहणार, हे तीन मुद्दे आपापल्या टीमसमोर बसून, त्यांना विचारून, लिहून काढा आणि क्लायंटलाही कळवा.

आपली नम्र,
एक प्रोजेक्ट मॅनेजर, पुणे